तिला बिचारीला काय माहीत

मोदक पाण्यात पोहताना तुम्ही कधी पाहिलेत? मी पाहिलेत. 13 सप्टेंबर 2018, गणेश चतुर्थी, सकाळी सव्वादहा. हे बाहेर मूर्तीसमोर सोवळं नेसून बसलेले, गुरुजी घाईत (त्यांची अजून सहा घरं बाकी), आणि मी दूर्वा-पत्रीचं तबक द्यायला बाहेर गेलेले. गेले ती जेमतेम दहा मिनिटं. परत येऊन बघते तर तेलाची कढई एका बाजूला थंड, शेजारच्या शेगडीवर मोठं पातेलं खदखदतंय आणि त्यात आमचे एकवीस मोदक वर-खाली होतायत. सूनबाई झारा घेऊन उभी.

"आई, वर आले की झाले," तिनं मला शांतपणे सांगितलं.

ती पोलंडची. त्यांच्याकडं पिएरोगी नावाचा पदार्थ असतो. दिसायला आपल्या करंजीचा सख्खा भाऊ. मैद्याची पारी, आत बटाटा आणि पनीर, नाहीतर कोबी, कधी गोड सारण. तो तळत नाहीत. खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडतात, तरंगला की शिजला. तिनं पारी बघितली, सारण बघितलं, मुरड बघितली आणि तिच्या आजीच्या स्वयंपाकघरातलं पुढचं पाऊल टाकलं. हो, मीठसुद्धा घातलं होतं.

पाच-सहा मोदक फुटले. खोबरं आणि गूळ पाण्यावर पसरून त्याचा तपकिरी रस्सा झाला. इतक्यात सासूबाई आल्या. तेव्हा त्या 83 वर्षांच्या, कानानं कमी, पण तळणीचा वास येत नाही हे त्यांना माजघरात बसून कळलं होतं. भिंतीला धरत आल्या, पातेल्यात डोकावल्या. मी मनात म्हटलं, आता बघा.

आणि सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग वाटी मागितली. "नैवेद्याचे दुसरे करू. हे वाया कशाला घालवायचे?" नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांनी ती खारट-गोड खीर चमच्यानं खाल्ली आणि सूनबाईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तिला बिचारीला काय माहीत!"

नैवेद्याचे दुसरे एकवीस मोदक मी तळले. तळताना तेलापेक्षा मीच जास्त तापले होते.

का ते सांगते. मी देवरुखची. 1989 साली लग्न होऊन आंबा घाट चढले आणि सांगलीला आले. माहेरी मोदक म्हणजे उकडीचेच. सासरच्या पहिल्या गणपतीला सासूबाईंना खूश करावं म्हणून पहाटे चारला उठले, पिठी आईकडून आणलेली होती, उकड काढली, एकवीस मोदक वळले. एकेकाला अकरा-अकरा कळ्या. केळीच्या पानावर ठेवून उकडले. सासूबाईंनी चाळणीवरचं झाकण काढलं, बघितलं, झाकण परत ठेवलं. "हे असलं ओलंकच्च आमच्यात देवाला दाखवत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मग स्वतः रवा-मैदा भिजवून तळणीचे करायला बसल्या. नैवेद्याला दीड वाजला आणि तो का वाजला हे दिवसभर आल्यागेल्याला सांगितलं गेलं.

माझे उकडले होते म्हणून तीन वर्षं ऐकून घेतलं. तिनं चक्क पाण्यात बुडवले.

मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही.

सूनबाईचं नाव इथं लिहायचं नाही ही तिची अट आहे, म्हणून नुसतं सूनबाई. माझा मुलगा शिकायला पोलंडला गेला होता, ती क्राकूव्हजवळच्या गावची. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, ते तीस दिवस आमच्या नातेवाइकांना बोलायला बरोबर पुरले. परदेशी माणूस घरी उतरलं की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं, त्याला तेव्हा सी फॉर्म म्हणायचे. ते मुलानं ऑनलाइन केलं. नंतर चौकशीला एक हवालदार आले. चहा आणि भडंग घेऊन, "वहिनी, काही त्रास नाही ना इथं?" असं तिलाच विचारून गेले. 29 वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. असो.

मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि दिवसभर घरात आम्ही तिघी. शहाऐंशी पायऱ्यांची सवय असलेल्या मुलीसारखी ती आमच्या अडीच खोल्यांच्या माडीवर सारखी वर-खाली करायची आणि प्रत्येक फेरीत एक प्रश्न घेऊन यायची. चतुर्थीच्या आधीच सांगलीच्या गणपती मंदिरात प्रतिपदेला गुपचूप गणपती बसतो, त्याला चोर गणपती म्हणतात. "कोण चोरलं?" कुणी नाही ग, गाजावाजा न करता येतो म्हणून चोर. "मग चोर का? लाजाळू म्हणा." हे मला पटलं.

मराठी ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. माझ्यापेक्षा म्हणजे, मी सांगलीचं मराठी शिकायला जितका वेळ घेतला त्यापेक्षा. त्यांच्या भाषेत सात विभक्त्या आहेत, संबोधनासकट. आमच्या सातवीच्या पोरांना ज्यानं घाम फुटायचा ते तिला जन्मजात. अग्नीला ते ओगिएन् म्हणतात. आणि भूतकाळाचं क्रियापद बाई वेगळं बोलते, पुरुष वेगळं, अगदी आपल्यासारखं. म्हणूनच शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी दारातून "काकू, मी आलो!" म्हणाली तेव्हा सूनबाई वही टाकून धावत आली. "आई, ती मुलगी आहे ना?" इकडं सांगली-कोल्हापूरकडं पुष्कळ मुली "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. मीही 1989 साली हादरले होते. माझ्या तोंडून "मी आले" ऐकून नणंद म्हणायची, "कोकणातली लाडं बोलते." मी बदलले नाही. सूनबाईनं मात्र दोन्ही उचललं: घरात आले, गल्लीत आलो.

होळीची गंमत तर वेगळीच. मार्च 2019. हिनं फोनवर सगळी चित्रं बघून ठेवलेली. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पांढरा कुर्ता घालून, केसांना तेल चोपडून, हातात गुलालाची पुडी घेऊन फाटकात उभी. गल्लीत एक कुत्रं आणि पेपरवाला. साडेनऊ झाले, दहा झाले. समोरचे काका दाढी करून बाहेर निघाले, हिनं आशेनं पुडी वर केली, त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि स्कूटर काढली. आमच्याकडं रंग रंगपंचमीला. चार दिवस थांबायचं. धुळवडीला ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांच्या घरी शिजतं, आमच्यासारख्यांकडं आदल्या दिवशीच्या पोळ्या तव्यावर परततात, बस्स.

ती आत आली तेव्हा तिचं तोंड बघून मला माझा पहिला शिमगा आठवला. देवरुखकडं शिमगा म्हणजे देवाची पालखी. ग्रामदेवता देवळातून निघते आणि घरोघर येते. माणूस मुंबईला असला तरी त्या दिवसाला पोचतो. सांगलीत पहिल्या वर्षी मी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचा नारळ काढून ठेवला आणि संध्याकाळी सासूबाईंना विचारलं, "पालखी किती वाजता येते?" "कसली पालखी?" नारळ दुसऱ्या दिवशी चटणीला गेला. मी त्या रात्री रडले होते हे मी यांनाही सांगितलेलं नाही, आता इथं वाचतील.

सूनबाईला सासूबाईंनी काय केलं असेल? दुपारी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला गुलाल लावला. "चार दिवस लवकर झाली म्हणून काय झालं, तिला बिचारीला काय माहीत."

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं. मला या घरात महिन्याचे चार दिवस बाहेर बसावं लागायचं. पहिली नऊ वर्षं. शाळेत जायचे, पोरांना त्रैराशिक शिकवायचे आणि घरी येऊन मागच्या पडवीत वेगळ्या ताटात जेवायचे. सूनबाईला कुणी विचारलंच नाही. ती त्या दिवसांतही देवघरात जाऊन समईची वात पुढं करायची आणि सासूबाई पोथीवरून डोळे उचलायच्या नाहीत. चांगलं झालं. माझा त्याबद्दल आता कुणावर राग नाही असं लिहिणार होते, पण तो आहे.

एकदा न राहवून मी विचारलं. दुपारची वेळ, सूनबाई बाजारात गेलेली, मी आणि सासूबाई शेंगा फोडत होतो. "तिला तुम्ही काहीच बोलत नाही," मी म्हटलं. सासूबाई थोडा वेळ गप्प. मग त्यांनी वळिवड्याचं सांगितलं.

सासूबाईंचं माहेर कोल्हापूर, जन्म 1935 चा. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 1948. जवळजवळ पाच हजार माणसं. त्यांना रशियानं आपली घरं-शेतं सोडायला लावून सैबेरियाकडं नेलं होतं, तिथून सुटले ते इराणमार्गे हिंदुस्थानात आले. बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, मी कितीदा त्याच्या शेजारी बसून भेळ खाल्लीय, कधी वाचलं नव्हतं. सासूबाईंनी त्या मुली बाजारात पाहिलेल्या. "माझ्याएवढ्या होत्या. गोऱ्यापान, सोनेरी वेण्या. भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायच्या. एकीनं मला तिची रिबीन दिली होती. आई म्हणाली, यांना घर नाही राहिलं, यांना काही बोलू नये." शेंगेचं टरफल बाजूला टाकून म्हणाल्या, "घर सोडून एवढ्या लांब आलेल्या मुलीला काय बोलायचं?"

मी शेंगा फोडत राहिले. मला विचारायचं होतं की सासूबाई, आंबा घाट काय कमी लांब होता? तेव्हा देवरुखाहून साखरपा, मलकापूर, कोल्हापूर असं एसटीनं यायला अख्खा दिवस जायचा, आणि पत्राला उत्तर यायला आठवडा. सूनबाई तर रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओवर बोलते, तिची आई कॅमेऱ्यातून मला हात करते. नाही विचारलं. त्या वयाच्या माणसाला रिबीन आठवत असताना हे विचारणं बरं दिसत नाही.

पण त्यानंतर एक झालं. सासूबाई तिच्या सणांबद्दल विचारायला लागल्या. दिवाळीत तिनं सांगितलं होतं की त्यांच्याकडं 1 नोव्हेंबरला सगळे कबरस्तानात जाऊन दिवे लावतात, रात्री सगळी टेकडी उजळून निघते. आम्ही सगळे जरा गप्प झालो होतो, सणासुदीला हे काय. सासूबाई म्हणाल्या, "आपण नाही का धनत्रयोदशीला दक्षिणेकडं तोंड करून यमाला दिवा लावत?" आणि विषय संपला. डिसेंबरात तिनं विगिलियाचा घाट घातला. ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं जेवण. बारा पदार्थ, मांस नाही. दिवसभर उपास, आकाशात पहिला तारा दिसला की सोडायचा. सासूबाई एकदम ताठ बसल्या. "म्हणजे तुमची संकष्टीच की! आमची चंद्राला सुटते, तुमची ताऱ्याला."

खरं तर त्या जेवणात मासा लागतो, पण तो आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं. बाराचा आकडा गाठायला आम्ही काय काय मोजलं: बिटाचं सार (ते त्यांचंही असतं), पिएरोगी, कोबीची भाजी, बटाटे, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, सुकामेव्याचं गोड पाणी, गव्हाची खीर, पोळी, भात, लोणचं. अकरा झाले. ह्यांनी पापड धरून बारा केले. टेबलावरच्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरायचं असतं, येशूच्या गोठ्याची आठवण. गवत कुठून आणायचं? द्राक्षांच्या पेटीतली पिंजर आणली. एक ताट रिकामं मांडायचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ते ताट मात्र रिकामं राहिलं नाही, कारण सव्वासातला नणंद आली. विश्रामबागहून सहज.

तारा बघायला सासूबाईंना गच्चीवर नेलं. दोघांनी धरून. त्यांना तो दिसला की नाही कुणास ठाऊक, पण "दिसला ग" म्हणाल्या.

मग 2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या माणसाला पूर नवा नाही. पावसाळा लागला की इथं कुणी कुणाला कसं काय विचारत नाही, "आयर्विनला पाणी किती?" विचारतात. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा 1929 सालचा पूल. त्याच्यापाशी 40 फूट झालं की इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं. गावभाग पाण्यात. आम्ही आधीच नणंदेकडं गेलो होतो, सासूबाईंना खुर्चीत बसवून. निघताना त्यांनी ट्रंकेतले गौरीचे पितळी मुखवटे माडीवर न्यायला लावले. मुखवटे उभे करायचे लाकडी सांगाडे मात्र जिन्याखाली राहिले.

पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा खालच्या घरात घोट्याच्या वर गाळ. काळा, चिकट, आणि वास असा की चार दिवस अन्न गोड लागलं नाही. धान्याच्या डब्यांत पाणी, दिवाणाची फुगलेली गादी, माझ्या लग्नातलं शिसवी कपाट पाठीवर पडलेलं. मी दारात बसले. सूनबाईनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खोरं उचललं आणि म्हणाली, "आई, वाळायच्या आधी काढायचा. वाळला की सिमेंट." 2010 साली त्यांच्या विस्वा नदीला मोठा पूर आला होता, तेव्हा ती शाळेत होती, तिनं हे सगळं आधी केलं होतं. त्या आठवड्यात तिनं काय उपसलं ते मी मोजलेलं नाही. गल्लीतली पोरं तिच्या हाताखाली काम करत होती. "वैनी, हिकडं टाकू का?" आणि वैनी सांगेल तिकडं घमेलं जायचं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, नखांत काळा गाळ. आत सासूबाई ह्यांना ओरडत होत्या, फिनेल कमी का आणलं म्हणून. सूनबाई म्हणाली, "आई, आजी मला कधी ओरडत नाहीत."

"मग बरंय की."

"तुम्हाला ओरडतात. बाबांना ओरडतात. दूधवाल्याला पण ओरडतात. मला म्हणतात, राहू दे ग बाळा." थोडं थांबून, "बाळाला ओरडत नाहीत. पाहुण्याला पण नाही. एक वर्ष झालं मी आले. मी अजून पाहुणी आहे?"

मी बघतच राहिले. मी जिच्यावर वर्षभर जळत होते ती इथं बसून माझ्यावर जळत होती! मला हसूही आलं आणि जरा लाजही वाटली. "माझ्याकडं तीस वर्षांचा साठा आहे," मी म्हटलं, "त्यातला हवा तेवढा घेऊन जा." साठा या शब्दाचा अर्थ तिनं विचारला. सांगितल्यावर ती हसली नाही.

2 सप्टेंबरला गणपती. त्या वर्षी सांगलीत ढोल-ताशा कमी होता, मूर्ती लहान होत्या, माणसं दमलेली. आमच्यापुढं प्रश्न गौरींचा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी उभ्या राहतात आमच्याकडं, खांद्यावर शालू, पुढं सोळा भाज्या, पुरण. सांगाडे कुजून गेलेले, शालू भिजून एकमेकांत रंग उतरलेले, सुतार मिळायला तयार नाही. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग मला हाक मारली.

"तुमच्यात खड्यांच्या असतात ना ग?"

मला आधी कळेचना. तीस वर्षांत त्यांनी 'तुमच्यात' हा शब्द माझ्याशी या सुरात वापरला नव्हता.

"हो."

"कशा करतात?"

सांगितलं. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणायचे. ज्या मुलीच्या हातात ताम्हन तिनं बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. आमच्या घरी तर तोंडात पाण्याची चूळ धरायला लावायचे, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही. दारात आली की तांदूळ-पाणी ओवाळून टाकायचं, पावलं काढलेली असतात त्यावरून देवघरापर्यंत. नैवेद्याला घावन आणि घाटलं.

"मग आण," सासूबाई म्हणाल्या.

आता खडे कुठून आणायचे? देवरुखच्या नदीत वाकलं की मूठभर गोटे हातात येतात. आमची कृष्णा काळ्या मातीची, त्यात पूर येऊन गेलेला, घाटावर गाळाशिवाय काही नव्हतं. शेवटी मागच्या गल्लीत एकाची पडलेली भिंत बांधायचं काम चाललं होतं, तिथं चाळलेल्या वाळूचे खडे पडले होते. सूनबाईनं त्यातले सात निवडले. तिनं ते निवडताना गवंडी काम थांबवून बघत होता. "हे चालतं?" तिनं मला विचारलं. मी सासूबाईंना. "नदीत बुडवून काढ, नदीचेच होतात," त्या म्हणाल्या. ज्या बाईनं माझे मोदक झाकून ठेवले होते तिनं हे म्हटलं.

ताम्हन सूनबाईच्या हातात द्यायचं हे मी ठरवलं. घाटावर तिनं खडे धुतले, खण घातला, गुलाबी नऊवारी सावरली, चूळ भरली आणि निघाली. मागून मी घंटा वाजवत. अंतर जेमतेम दहा मिनिटांचं. पण तुम्ही नऊवारीतली सोनेरी केसांची बाई घेऊन सांगलीतून चालून बघा. पहिल्या कोपऱ्यावर दोन कॉलेजकुमार: "मॅडम, विच कंट्री?" मॅडमचे गाल फुगलेले, नजर समोर. "मॅडम, वन सेल्फी?" काही नाही. एक आजीबाई थांबून म्हणाल्या, "मुकी आहे का हो बिचारी?" मी घंटा जोरात वाजवली. पूरग्रस्तांच्या मदतीची गाडी बाजूनं गेली, तिच्यातला एक तरुण तिला इंग्रजीत विचारायला लागला की तुम्ही कुठल्या संस्थेकडून आलात. तिचे डोळे पाणावले. हसू दाबून. मला भीती, आता चूळ उडते की काय.

नाही उडाली. दारापर्यंत आली, बाजूच्या गटारात चूळ टाकली आणि खणखणीत म्हणाली, "गौर आली!"

आतून सासूबाईंचा आवाज: "काय घेऊन आली?"

हे मी तिला सांगायचं विसरले होते. उत्तर धनधान्य, सोनं-नाणं, सुखशांती असं काहीतरी द्यायचं असतं. तिनं माझ्याकडं बघायला मान वळवली नाही, कारण मागं बघायचं नव्हतं. जरा विचार केला आणि म्हणाली, "खडे."

सासूबाईंनी तांदूळ-पाणी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी या घरात मी पहिल्यांदा घावन-घाटलं केलं. तांदळाची पिठी, नारळाचं दूध, गूळ, वेलची. नारळाचा तो वास शेगडीवरून उठला आणि मी मधेच हातातली पळी ठेवून उगाच पाणी प्यायले. सूनबाई ढवळत होती. सासूबाई पाटावर बसून देखरेख करत होत्या, म्हणजे त्यांना या पदार्थातलं काही कळत नव्हतं पण देखरेख चालू होती. आणि सूनबाईनं, तिच्याकडच्या कुठल्याही शहाण्या बाईसारखं, गोड बरोबर झालंय का बघायला पळी तोंडाला लावली.

"अगं ए!" सासूबाई कडाडल्या. "उष्टं केलंस! नैवेद्य दाखवायच्या आधी तोंड लावतात होय? एक वर्ष झालं या घरात येऊन, एवढं कळू नये?"

सूनबाई पळी हातात धरून उभी. तोंड लाल. एक क्षण मला वाटलं रडते आता. मग तिचा चेहरा असा काही खुलला की मी तो विसरणार नाही. संध्याकाळी ती आईला व्हिडिओवर हे सांगत होती. मला पोलिश येत नाही, पण हातवारे आणि मधला 'उष्टं' हा शब्द कळला. तिची आई टाळ्या वाजवत होती.

सासूबाईंचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्या माझ्याकडं वळल्या.

"आणि तू काय बघत उभी राहिलीस? शिकवायचं कुणी तिला? तुमच्या कोकणात चालत असेल हे सगळं, आमच्यात नाही चालत."

मी दुसरा नारळ खवायला घेतला.

विसर्जनाला खडे पाण्यात सोडून येताना तिथली थोडी वाळू घरी आणून सगळ्या खोल्यांत टाकायची आमच्याकडं पद्धत आहे. ते सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नको. यंदाचा गाळ पुरे झाला."

आता मुलगा-सून पुण्याला असतात, गणपतीला येतात. सांगाडे नवे करून घेतले, गौरी पुन्हा उभ्या राहतात, पुरणाच्या शेजारी घावनाचं एक ताट असतं. मोदक तळलेलेच. उकडीचे मी चतुर्थीनंतर कधीतरी संकष्टीला करते, पाच-सात, दुपारी. सूनबाई असली तर ती चार खाते आणि दर वेळी विचारते, हे पाण्यात का नाही टाकत.